कोल्हापुरातनं एका दिवसात समुद्रावरचे पक्षी बघून येता येतंय का? (गेल्या रविवारी आमचा पार पोपट झाला)

फुलेवाडीकर
नमस्कार मंडळी, लई दिवस इथलं नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, तेव्हा काय चुकलं तर सांभाळून घ्या. मी काय पक्षीनिरीक्षक वगैरे नाही, पोरगी पाचवीत आहे आणि तिला हा नाद लागलाय. सुरुवात रंकाळ्यावर जांभळ्या पाणकोंबडीपासनं झाली, मग कळंबा झाला, मग पंचगंगेच्या घाटावर रविवारची सकाळ जायला लागली, आता म्हणती बाहेरच्या देशातनं समुद्रावर येतात ते पक्षी बघायचे. बरं म्हटलं.

तर गेल्या रविवारी गाडी काढली. मी, मंडळी, आई आणि पोरगी. निवांत आठला निघालो, मलकापुरात नाष्टा, आंबा घाटात धबधबे अजून चालू आहेत म्हणून तिथं फोटो, असं करत करत रत्नागिरीत भाट्याच्या पुलावर पोचायला साडेबारा वाजले. ऊन असं की डोळं उघडंना. किनाऱ्यावर कावळे, चार घारी, दोन कुत्री आणि एक पाहुणा जीप वाळूत घालून अडकलेला, त्याला ढकलायला पण आम्हीच सापडलो. खाडीच्या अंगाला लांब चिखलात काहीतरी ठिपके हलत होते, पण दुर्बीण लावली तर वाफेनं सगळं थरथरतंय, ठिपका तो ठिपकाच. मग सुरमई थाळी खाल्ली (ती सुरमई होती यावर आईचा अजून विश्वास नाही, हॉटेलचं नाव घेत नाही) आणि परत. येताना आई गाडीत म्हणाली, एवढ्यात जोतिबाला दोनदा जाऊन आलो असतो.

एकच पक्षी जवळनं दिसला तोही पोरगीला. तिनं वहीत चित्र काढलंय आणि खाली लिहिलंय ते जसंच्या तसं देतो: "चिमणीपेक्षा थोडा मोठा. पाठ वाळूसारखी, पोट पांढरं, पाय काळे. पळतो, ब्रेक मारतो, वाकतो, परत पळतो." ओल्या वाळूतल्या त्याच्या पायाच्या ठशाचा फोटो पण काढलाय, तीन बोटं पुढं, मागं काहीच नाही.

तर आता सांगा, पक्षी यायला लागलेत का दिवाळी झाल्यावरच जायचं? रत्नागिरी बरी का मालवण? एका दिवसात जमण्यासारखं आहे का? आणि हा ब्रेकवाला कोण?

खाडीकाठचा
दादा, जागा तुम्ही बरोबर धरलीत, वेळ चुकलात. मी मूळचा रत्नागिरीचाच, पोटापाण्यासाठी तुमच्या कोल्हापुरात आहे म्हणून सांगतो, समुद्रावर जायचं तर कुठं जायचं हे नंतर बघायचं, पाणी कधी आहे ते आधी बघायचं. आमच्याकडची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तेवढे वाजता भरती. गेल्या रविवारी वद्य अष्टमी होती ना? आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती आणि बरोबर मधे, बाराच्या आसपास, पार ओहोटी. तुम्ही साडेबाराला पोचलात. म्हणजे भटजी जेवून गेल्यावर.

ओहोटीला काय होतं, खाडीतला चिखल उघडा पडतो आणि हे सगळे चिखलपक्षी चरायला लांब लांब पांगतात. किडे, बारके खेकडे, शिंपल्या, त्यांची जेवणाची वेळच ती. मग पाणी चढायला लागलं की ताट आकसत जातं आणि ते मागं मागं सरकतात, शेवटी जो वाळूचा पट्टा बुडत नाही त्याच्यावर सगळी गर्दी होते आणि तिथं एका पायावर गप उभे राहतात, पाणी उतरेपर्यंत. तुम्ही भरतीच्या तीनेक तास आधी जाऊन त्या पट्ट्याच्या अलीकडं बसायचं. शोधत हिंडायचं नाही, ते चालत तुमच्याकडं येतात.

आणखी एक, अष्टमी म्हणजे भांग, पाणी फार चढत पण नाही आणि फार उतरत पण नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आजूबाजूला उधाण असतं तेव्हा पक्षी जास्त दाटीनं जमतात. येत्या रविवारी अमावस्या, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वा अकरा. सोन्यासारखी वेळ आहे, उजाडता पोचलात तर. अर्धा तास इकडं तिकडं होतं, तेव्हा निघण्याआधी मोबाईलवर भरतीचं टेबल पण बघा, तिथीवर विसंबून पाण्यात अडकलात तर मला शिव्या घालू नका.

गल्लीतला_कावळा
रविवारी सर्वपित्री अमावस्या आहे ओ!! घरातनं बाहेर सोडणार आहेत का यांना? कावळ्याला घास ठेवायच्या दिवशी हे भाट्याला जाऊन परदेशी पाहुण्यांना शोधणार आणि इकडं गच्चीवर घास तसाच. 😄

फुलेवाडीकर
हां, ते राहिलंच. रविवारी हललो तर आई घरात घेणार नाही. शनिवारी चतुर्दशी... चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. बरोबर आहे का? शनिवारी पोरगीची सकाळची शाळा असते पण एक दांडी चालतंय की.

खाडीकाठचा
शंभर टक्के बरोबर. उलट साडेदहा जास्त बरं, ऊन तापायच्या आत सगळं उरकतं.

बांधावरून
ठशाचा फोटो बघितला. मागचं बोट नाही म्हणजे सँडरलिंग. बाकीच्या सँडपायपरना मागं एक छोटं बोट असतं, सँडरलिंगला नसतं, ही त्याची खूणच आहे. पाय काळे, पोट पांढरं, वाळूत पळतोय, सगळं जुळतंय. अभिनंदन पोरगीचं, कोल्हापूरकरांच्या यादीत सहज येणारा पक्षी नाही हा.

ठिपकेवाली
बांधावरून, थांबा जरा. मागचं बोट नसणं ही सँडपायपर मंडळींत सँडरलिंगची खूण झाली, पण प्लोव्हर लोकांचं काय? आपले चिखल्या, केंटिश प्लोव्हर, सँड प्लोव्हर, यांनाही मागचं बोट नसतं. त्यामुळं नुसत्या ठशावरनं निकाल देता येत नाही. निकाल पोरगीनं स्वतःच दिलाय आणि तो तुम्ही वाचलाच नाही. "पळतो, ब्रेक मारतो, वाकतो." हा प्लोव्हर.

सँडरलिंग ब्रेक मारत नाही हो. तो लाटेच्या काठावर असतो, लाट मागं गेली की तिच्यामागं आणि आली की तिच्यापुढं, चावीच्या खेळण्यासारखे पाय चालू, आणि चोच ओल्या वाळूत खुपसत जातो. प्लोव्हरचं काम डोळ्यावर. डोळे मोठे, चोच आखूड. उभं राहून बघणार, किडा हलला की पळणार, थांबणार, टिपणार. एकदा हा फरक डोक्यात बसला की वाफेतला ठिपका पण नुसत्या चालीवरनं ओळखता येतो, रंग दिसायची गरज नाही. रंकाळ्यावर तुम्ही तुतवार बघितला असणार, काठावर सारखी शेपूट वरखाली करणारा, त्याला तुम्ही कशावरनं ओळखता? शेपटीवरनंच ना, तसंच हे.

आता कुठला प्लोव्हर, ते मला एवढ्यावर सांगता येणार नाही. पोरगीला विचारा, मानेच्या मागच्या बाजूला पांढरी कॉलर होती का. होती तर केंटिश. नव्हती तर सँड प्लोव्हर, आणि तिथनं पुढं खरी डोकेदुखी, कारण सँड प्लोव्हरमधे लहान आणि मोठा अशा दोन जाती, त्या ओळखताना भलेभले भांडतात, आणि त्यात हल्ली लहान जातीच्याही दोन केल्यात, तिबेटन आणि सायबेरियन. आपल्या किनाऱ्यावर येतो तो मुख्यतः तिबेटन, उन्हाळ्यात लडाख-तिबेटाकडं घरटी करतो आणि पाऊस सरता सरता खाली येतो.

सीझनचं म्हणाल तर दिवाळीपर्यंत मुळीच थांबू नका. या पक्ष्यांतले प्रौढ ऑगस्टपासनंच उतरायला लागतात, त्या वर्षीची पिल्लं मागनं, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आईबाप बरोबर नसताना. आत्ता गेलात तर काही सँड प्लोव्हरच्या छातीवर विटकरी पट्टा फिका पडत चाललेला दिसेल, पिल्लांच्या पाठीवर प्रत्येक पिसाला फिकी कड, खवल्यासारखी. डिसेंबरात गेलात तर सगळे सारखेच राखाडी, मग बसा ओळखत. उशिरा येतात ते कुरव, म्हणजे सीगल. ते खरे नोव्हेंबरनंतर. फोटोत हातावर फरसाण घेऊन सीगल असं काही डोक्यात असेल (आणि कृपा करून ते फरसाण घालू नका कुणी) तर आत्ता निराशा होईल.

बांधावरून
मान्य. घाई झाली. ठसा बघितला आणि हुरळलो.

तळाशीलचो
मालवणचा विषय निघालो म्हणून लिहितंय. येवा, कोकण आपलाच आसा, पण एका दिवसात येव नको. बरं आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. कोल्हापूरहून राधानगरी, फोंडा घाट, कणकवली करून मालवण म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास आणि रस्ता वळणाचा, चारला निघालात तरी आठ-साडेआठ. परत तेवढंच. मुलगी दमेल, आणि दमलेल्या मुलाला पक्षी दाखवणं हे पक्ष्याला आणि मुलाला दोघांनाही त्रासाचं.

राहायला येणार असाल तर मात्र तोंडवळी-तळाशीलची पट्टी बघाच. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे चिंचोळी वाळू आणि माड. खाडीच्या बाजूला चिखलवाले, समुद्राच्या बाजूला सुरय, म्हणजे टर्न पक्षी. आचऱ्याच्या खाडीत कांदळवन चांगलं आहे, नशीब असेल तर पाणमांजरांचं कुटुंब दिसतं, पाण्यात चार डोकी वर येतात आणि एकदम खाली जातात. पण दर्या अजून निवळलेला नाही, होडीवाला नको म्हणाला तर नको, त्याला पैशाचा आग्रह करू नका. डॉल्फिन बघायचा असेल तर दिवाळीच्या तोंडाला या. कासवाची पिल्लं पण आत्ता नाहीत, मादी अंडी घालायला साधारण नोव्हेंबरपासून पुढं येते, पिल्लं त्यानंतर. दरवर्षी सप्टेंबरात कोणीतरी येऊन विचारतो कासव कुठं आहे, म्हणून आधीच सांगितलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. वाळूवर साप पडलेला दिसला, शेपूट वल्ह्यासारखी चपटी असली तर तो समुद्रसाप. मेलाय असं वाटलं तरी हात लावायचा नाही. रापणीच्या जाळ्यात येतात, जहाल विषारी असतात.

मलकापूर_डेपो
रस्त्याचं मी सांगतो, रोजचा आहे. रत्नागिरी १३० किलोमीटर, पहाटे मोकळा रस्ता मिळाला तर साडेतीन तासात आरामात, पण चौपदरीचं काम जिथं जिथं चालू आहे तिथं डायव्हर्जनचे बोर्ड अंधारात ऐनवेळी दिसतात. आंब्याच्या पुढं धुकं असतंय सध्या, लाइट डिपरवर ठेवा, अप्पर मारला तर समोर नुसती पांढरी भिंत. आणि गवा. गव्याच्या अंगावर लाइट पडला तरी काय चमकत नाही, काळं धूड, डोळे दिसले तर दिसले. हॉर्न वाजवायचा नाही, लाइट मारायचा नाही, थांबायचं, तो जातोय त्याच्या वेळेनं. गवा आता शहराच्या वेशीपर्यंत येऊन जातोय म्हटल्यावर घाटात असणारच की.

उजाडता घाट उतरला असाल तर साखरप्याच्या पुढं एखादा वड-उंबर फळलेला दिसला की पाच मिनिटं थांबा. धनेश असतात. आधी आवाज येतो पंखांचा, वाफेच्या इंजिनासारखा, मग दिसतो.

फुलेवाडीकर
सगळ्यांचे लई आभार. ठरलं मग, शनिवार, भाट्ये, मी आणि पोरगी दोघंच. आई म्हणाली मला पुन्हा चिखल बघायला नेऊ नका. आल्यावर सांगतो.

ठिपकेवाली
दोन छत्र्या न्या, एक पावसाची म्हणून आणि एक उन्हाची म्हणून. भडक रंगाचे कपडे नकोत. आणि उभे राहू नका, बसा. आकाशावर उठून दिसणारा माणूस त्यांना आवडत नाही, बसलेला चालतो. सूर्य पाठीमागं ठेवा, नाहीतर गेल्या वेळसारखं सगळं काळं दिसेल.

फुलेवाडीकर
आलो!! काल रात्री आठला घरी पोचलो, आज घरात सर्वपित्रीचं सगळं होतं म्हणून आत्ता लिहायला बसलोय. मोठं आहे, वाचायचं तर वाचा.

पावणेचारला निघालो. पोरगी मागच्या सीटवर झोपणार म्हणून उशी दिली होती, पण डोळा लावला नाही, गवा बघायचा म्हणून. आणि दिसला की. घाट सुरू व्हायच्या जरा आधी डाव्या हाताला उभा, धुक्यात आधी नुसते पांढरे मोजे दिसले चार, वरचा गवा नंतर दिसला. मी इंजिन बंद केलं तर पोरगी कुजबुजती, पप्पा श्वास पण हळू घ्या. धनेश मात्र नाही, उंबर बरेच बघितले.

भाट्याला पोहोचलो सात चाळीसला. यावेळी समुद्राच्या बाजूला गेलोच नाही, सरळ काजळी नदीच्या मुखाच्या अंगाला. पाणी चढायला लागलेलं पण चिखल अजून बराच उघडा होता. तिथं पहिला धडा मिळाला तो तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या मावश्यांकडनं. कमरेत वाकून चिखलात फिरत होत्या आणि पक्षी त्यांच्यापासनं दहा-पंधरा पावलांवर बिनधास्त चरत होते, आम्ही मात्र लांबनं चार पावलं पुढं टाकली की सगळे माना वर. एक मावशी म्हणाल्या, तुम्ही त्यांच्याकडं बघत येताय ना, म्हणून. आम्ही चिखलाकडं बघतो. मग आम्ही बसलो. प्लॅस्टिकचा कागद अंथरून, छत्री आडवी धरून, वीसेक मिनिटं नुसते बसलो, आणि खरंच, आम्ही जणू नाहीच असं सगळं सुरू झालं.

आधी जमिनीवरचं. बारके खेकडे, एकाच बाजूचा डेंगा अंगापेक्षा मोठा, तो वरखाली करत होते, पोरगी म्हणती हे टाटा करतायत. निवट्या बघितल्या, मासा असून चिखलात सरपटतोय, डोळे डोक्यावर, मधेच उडी. ती त्यातच रमली असती पण तेवढ्यात एक मोठा तपकिरी पक्षी आला, चोच लांब आणि खाली वाकलेली, डोक्यावर पट्टे. वहीतनं जुळवलं तर व्हिम्ब्रेल. आमच्यापासनं असेल तीस-चाळीस फुटांवर. त्यानं ती वाकडी चोच खेकड्याच्या बिळात घातली, म्हणजे बिळाचा आणि चोचीचा बाक एकाच मापानं केल्यासारखा, आणि खेकडा बाहेर ओढला. मग लगेच गिळला नाही. धरला आणि झटकला, एक पाय उडाला, परत धरला, परत झटकला, असं करत नांग्या-पाय सगळे झाडून टाकले, नुसतं कवच राहिलं तसं ते चिखलाच्या डबक्यात बुचकळलं, आणि मग गिळलं, गळ्यातनं गोळा खाली जाताना दिसला. पोरगीनं त्या एका पानावर सहा चित्रं काढलीत, खेकड्याचे पाय मोजून कमी कमी होत गेलेले.

साडेनऊनंतर खाडीकाठचा म्हणाले तसंच झालं. चिखल संपत आला आणि जो वाळूचा उंचवटा राहिला होता त्याच्यावर एकेक टोळी येऊन बसायला लागली. आधी पाच, मग वीस, मग मोजता येईना. सँड प्लोव्हर बहुतेक सगळे, तोंड वाऱ्याकडं करून, सगळे एकाच बाजूला. तिघा-चौघांच्या छातीवर खरंच विटकरी पट्टा, पुसट झालेला, गेरू धुऊन निघाल्यासारखा. मधेच मोठ्ठ्या लाल चोचीचा एक सुरय येऊन बसला, गाजर चोचीत धरल्यासारखा, तो कॅस्पियन टर्न. आणि वर कावळ्यांनी पिडलेला एक पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. एवढा मोठा गरुड आणि दोन कावळे त्याला पळवतायत, पोरगीला फार वाईट वाटलं, मला आपल्या गच्चीवरच्या कावळ्यांचा जरा अभिमान वाटला.

दहा दहाला माती झाली. दोन कुत्री पुलाच्या बाजूनं आली, त्यांच्यामागं एक मुलगा मोबाईलवर व्हिडिओ करत, छू छू करत. सगळा उंचवटा एकदम उठला. दिसलं भारी, खोटं बोलणार नाही, सगळे एकदम वळले की पांढरे, परत वळले की तपकिरी, पण ते दहा मिनिटं फिरत राहिले, बसायला येत आणि परत उठत, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती, बाकी सगळं पाण्याखाली. मी त्या मुलाशी बोललो. भांडलो नाही, पोरगीची वही दाखवली. तर तो पण बसला आमच्याजवळ पंधरा मिनिटं, कुत्री त्याची नव्हतीच.

पक्षी परत बसल्यावर ठिपकेवाली ताईंचा प्रश्न आठवला, कॉलरचा. पोरगीला म्हटलं, मागच्या रविवारच्या तुझ्या ब्रेकवाल्याला कॉलर होती का? तिनं बोलायच्या आधी वही उघडली. चित्रात मानेच्या मागं पांढरी पट्टी सोडलेली आहे. आठ दिवस मी ते चित्र बघतोय आणि मला वाटत होतं रंगवायचं राहिलंय. ती म्हणाली, राहिलं नाही, सोडलंय. आणि मग तिनं त्या गर्दीतनं कडेला उभा असलेला एक बारका, पाठ फिक्या वाळूची, कॉलरवाला, मला बोटानं दाखवला. बाकीच्यांपेक्षा लहान, काळी बारीक चोच. म्हणजे केंटिश ना?

दुपारी रत्नदुर्गावर गेलो, तीन बाजूंनी समुद्र, एक तास बसलो डॉल्फिनसाठी. प्रत्येक लाटेला डॉल्फिन म्हणून झालं, एकही निघाला नाही. मासे काही आणले नाहीत, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. आई म्हणाली ते एक बरं केलंत.

आता एक अडचण. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) यादी टाकायची आहे, पहिलीच. सँड प्लोव्हर माझ्या मोजणीनं ७१, पोरगीच्या वहीत ८४. कुठला आकडा टाकायचा?

ठिपकेवाली
वाह! हो, केंटिशच. रिकामी सोडलेली कॉलर बघायला मला ते पान पाहिजे, फोटो टाका.

आकड्याचं, दोघांनी कसं मोजलं ते सांगा आधी. आणि सँड प्लोव्हर टाकताना लहान-मोठा याची खात्री नसेल तर तसा दोन्ही मिळून पर्याय असतो तो निवडा, त्यात कमीपणा नाही, मी पण निम्म्या वेळा तोच टाकते.

फुलेवाडीकर
मी उडताना मोजले, थवा वळला की दहा-दहाचे गठ्ठे अंदाजानं. तिनं परत बसल्यावर मोजले, डावीकडनं उजवीकडं, पाचाला एक आडवी रेघ मारत.

ठिपकेवाली
मग ८४ टाका. 🙂

खाडीकाठचा
८४ च. आणि भाट्याच्या मावश्यांचा सल्ला मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण तुमच्या पोस्टमधे वाचून पहिल्यांदा डोक्यात शिरला, चिखलाकडं बघायचं.

गल्लीतला_कावळा
गरुडाला पळवल्याबद्दल आमच्या समाजातर्फे आभार. आज घास पण वेळेवर मिळाला.

फुलेवाडीकर
८४ टाकले, दोन्ही मिळूनवाल्या पर्यायात. वहीच्या पानाचा फोटो उद्या टाकतो, ती झोपली आणि वही उशीखाली आहे. तिनं झोपायच्या आधी पंचांग काढून पुढची तारीख पण काढून ठेवलीय, कोजागिरी, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वा अकरा. वार सोमवार आलाय. शाळेत काय सांगायचं ते सुचवा कुणीतरी.